पथ्याची मुदत

आतड्याच्या दाहाचे निदान झाले की रुग्णाचा पहिला प्रश्न सहसा औषधाबद्दल नसतो. "आता खायचे काय?" हा तो प्रश्न असतो, आणि त्याला आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे मिळतात. ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर सांगतात, सोसेल ते खा, तिखट-तेलकट टाळा, गोळ्या चुकवू नका. घरात, शेजारी आणि मोबाइलवर मिळणारी उत्तरे याच्या अगदी उलट टोकाची. गहू बंद करा, दूध बंद करा, सगळे कच्चे खा, कच्चे काहीच खाऊ नका, महिनाभर नुसत्या ताकावर राहा, गोळ्या आपोआप सुटतील. वरवर पाहता ही उत्तरे एकमेकांच्या विरोधात आहेत, पण दोन्ही एकाच समजुतीतून येतात, असे मला वाटते. आहार म्हणजे औषधोपचाराचे नियम ज्याला लागत नाहीत अशी गोष्ट, ही ती समजूत. एकाला तो तपासून पाहण्याइतका महत्त्वाचा वाटत नाही. दुसऱ्याची त्यावर एवढी श्रद्धा असते की तपासणीची गरजच भासत नाही. या आजारांत आहाराचा वाटा खरा आहे, काही ठिकाणी तर औषधाच्या तोडीचा आहे. म्हणूनच औषधाला आपण जे प्रश्न विचारतो तेच पथ्यालाही विचारले पाहिजेत. ते नेमक्या कोणत्या आजारावर आहे, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, किती प्रमाणात, किती दिवस, गुण आला हे कशावरून ओळखायचे, आणि नाही आला तर कधी थांबवायचे?

आधी आजारांची ओळख. आतड्याच्या या दाहाला आयबीडी म्हणतात, आणि या तीन अक्षरांत मुख्यतः दोन आजार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरता राहतो. त्यात रक्त आणि आव पडते, दिवसात अनेकदा धावावे लागते. लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ मध्ये त्याचे वर्णन केले. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, बहुतेकदा लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला होतो, आतड्याच्या भिंतीत खोल उतरतो आणि कालांतराने ती जागा आवळून टाकतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये त्यावर निबंध लिहिला, म्हणून हे नाव. ताणतणावाने पोट बिघडण्याचा जो आयबीएस आपण सर्रास ऐकतो, तो याहून वेगळा. त्यात आतड्याला जखमा नसतात. आपल्या देशात आणखी एक फसवे वळण आहे. आतड्याचा क्षयरोग हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. निदान पक्के होण्याआधीच पथ्य सुरू करून महिने घालवले, तर क्षयरोग आतल्या आत वाढत राहतो. तेव्हा कोणत्याही पथ्याची पहिली अट बायोप्सीचा अहवाल ही आहे.

आता आहाराने काही होत नाही, या पहिल्या उत्तराकडे येऊ. ते चूक आहे हे दाखवणारा सर्वांत बोलका पुरावा बेल्जियममधील लूवेन इथला. क्रोन्समध्ये आतड्याचा खराब भाग कापून उरलेली टोके जोडली, की बहुतेकांना जोडाच्या वरच्या बाजूला काही महिन्यांत पुन्हा जखमा दिसू लागतात. लूवेनच्या डॉक्टरांनी काही रुग्णांत जोडाच्या वरून आतडे तात्पुरते पोटाबाहेर काढले, म्हणजे पचलेले अन्न जोडापर्यंत पोचेना. १९९१ मध्ये त्यांनी नोंदवले, की सहा महिन्यांनंतरही या रुग्णांच्या जोडाजवळ नव्या जखमा नव्हत्या. आतडे पुन्हा जोडून अन्नाचा प्रवाह सुरू केल्यावर मात्र आजार परत आला. १९९८ मध्ये ते आणखी पुढे गेले. अशाच तीन रुग्णांच्या रिकाम्या ठेवलेल्या आतड्यात त्यांनी त्यांच्याच आतड्यातला द्रव रोज सोडला, आणि आठ दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसू लागला. रुग्ण मोजकेच होते हे खरे, पण प्रयोगाची रचना इतकी स्वच्छ आहे की तो विसरता येत नाही. त्या द्रवात अन्न आहे, पित्त आहे, जिवाणू आहेत. यांतला दोषी कोण, हे या प्रयोगातून कळत नाही. आतड्यातून वाहणाऱ्या गोष्टीशिवाय हा दाह भडकत नाही, एवढे मात्र कळते. आणि आतड्यातून काय वाहते यावर आपला सर्वांत जास्त ताबा कुठून चालतो, तर तोंडातून.

याचा उपयोग उपचारात करता येतो, हे त्याआधीच दिसले होते. १९८४ मध्ये लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयातील डॉक्टरांनी क्रोन्स उसळलेल्या २१ रुग्णांचे दोन गट केले. एकाला स्टिरॉइड, दुसऱ्याला फक्त पूर्ण पचवलेल्या घटकांचे द्रवरूप अन्न. द्रव अन्नावरचा गट स्टिरॉइडच्या गटाइतकाच सुधारला. पुढे लहान मुलांत ही पद्धत रुजली आणि आज युरोपातील बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत आतड्याच्या आतल्या दाहापुरता मर्यादित क्रोन्स असलेल्या मुलांसाठी ती पहिल्या फळीतला उपचार आहे. सहा ते आठ आठवडे फक्त ठरलेले द्रव अन्न दिल्यावर सुमारे ७० ते ८० टक्के मुलांचा आजार शांत होतो. इटलीत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७ मुलांच्या अभ्यासात दहा आठवड्यांनी दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा या उपचारावरच्या ७४ टक्के मुलांच्या आतड्याचे अस्तर भरून आले होते. स्टिरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. स्टिरॉइडने मुलाची वाढ खुंटते, हाडे ठिसूळ होतात; या अन्नाने उलट वजन आणि उंची वाढते. एवढा पुरावा असलेल्या उपचाराला 'काहीही खा' म्हणत बाजूला सारणे हा त्या मुलांवर अन्याय आहे.

पण हे पथ्य पाळणे म्हणजे काय, हेही जवळून पाहायला हवे, कारण 'नैसर्गिक' या शब्दात जो सोपेपणा ऐकू येतो तो इथे कुठेच नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलाने सहा-आठ आठवडे काहीही चावायचे नाही. सकाळचे पोहे नाहीत, डब्यात पोळीभाजी नाही, मित्राच्या वाढदिवसाला केकचा तुकडा नाही. पाण्याखेरीज दिवसातून पाच-सहा वेळा मोजून दिलेले तेच पेय, त्याच चवीचे. गिळवत नसेल तर नाकातून पोटापर्यंत नळी. घरात फोडणी पडली की तो वास त्याच्या खोलीपर्यंत जातो. काही घरांत सगळेच जण महिनाभर त्याच्यासमोर जेवणे टाळतात. आणि यात थोडी सूट देऊन चालत नाही, हेही तपासून पाहिले गेले आहे. २००६ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात एका गटाला सगळी गरज द्रव अन्नातून, तर दुसऱ्याला अर्धी द्रव अन्नातून आणि उरलेले नेहमीचे जेवण असे दिले. पहिल्या गटातली ४२ टक्के मुले सुधारली, दुसऱ्यातली १५ टक्के. म्हणजे गुण त्या पेयातल्या एखाद्या जादूच्या घटकाचा नव्हता. नेहमीचे जेवण थांबण्यात तो होता. इथूनच पुढचा विचार सुचला: नेहमीच्या जेवणातले नेमके काय काढले तर पुरेल? इस्रायल आणि कॅनडातील डॉक्टरांनी ७४ मुलांवर घेतलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत द्रव अन्न अर्ध्यावर आणून उरलेली जागा निवडक घरगुती अन्नाला दिली: अंडी, कोंबडीच्या छातीचे मांस, उकडून थंड केलेले बटाटे, केळी, सफरचंद. पाकीटबंद पदार्थ, दूध आणि गहू बाहेर. सहा आठवड्यांनी हा गट आणि फक्त द्रव अन्नावरचा दुसरा गट यांच्यात ठोस फरक नव्हता. बाराव्या आठवड्यापर्यंत निवडक अन्नाच्या गटात सुमारे ७६ टक्के मुलांचा आजार शांत राहिला होता, तर द्रव अन्नावरून टप्प्याटप्प्याने नेहमीच्या जेवणाकडे वळवलेल्या गटात ४५ टक्के. शाकाहारी घरात हा तक्ता जसाच्या तसा चालणार नाही. प्रथिनांचे गणित आहारतज्ज्ञाला नव्याने मांडावे लागेल. पण मांडणीची पद्धत बघा. टप्पे आहेत, प्रत्येक टप्प्याला आठवडे आहेत, आणि बंद केलेले पदार्थ कधी परत आणायचे हेही आधीच ठरलेले आहे. आणि हाच उपचार अल्सरेटिव्ह कोलायटिसवर मुख्य उपचार म्हणून चालत नाही. 'आयबीडीचे पथ्य' नावाचा एकच तक्ता वाटणाऱ्याने हे एक वाक्य आधी वाचावे.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत सच्चा आक्षेप रुग्णाचा स्वतःचा असतो. मी अमुक बंद केले आणि मला बरे वाटले. माझा अनुभव खोटा का? तो खोटा नाही. मात्र बरे वाटणे आणि आतडे बरे होणे या दोन गोष्टी आहेत, आणि या आजारांत त्या सारख्या फारकत घेतात. कांदा, लसूण, गहू, हरभरा, राजमा, सफरचंद यांत काही शर्करा अशा असतात की त्या लहान आतड्यात शोषल्या न जाता पुढे जातात आणि जिवाणू त्यांचा वायू करतात. पोट फुगते, कळ येते. असे पदार्थ कमी करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झाली. लंडनच्या किंग्ज कॉलेजने ती आयबीडी शांत असूनही पोटाचा त्रास होत असलेल्या ५२ रुग्णांवर वापरून पाहिली. पथ्य करणाऱ्यांतल्या ५२ टक्क्यांना पुरेसा आराम पडला, दुसऱ्या गटात १६ टक्क्यांना. दाहाच्या खुणा मात्र होत्या तशाच राहिल्या, आणि आतड्यातल्या काही उपयोगी जिवाणूंचे प्रमाण घटले. आराम ही छोटी गोष्ट नाही. ज्याला दिवसातून सहा वेळा पोट धरून बसावे लागते त्याला ती विचारा. पण या आरामावर विसंबून गोळ्या सोडल्या, तर आत जखमा वाढत राहतील आणि पोट काही बोलणार नाही. म्हणून साक्ष पोटाची एकट्याची चालत नाही. विष्ठेत कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन किती आहे ते मोजणारी साधी तपासणी, रक्तातली दाह दाखवणारी सीआरपी, आणि गरज पडली तर दुर्बीण, यांची साक्षही लागते.

दुधाचेच घ्या. आपल्याकडे पोटाच्या कोणत्याही तक्रारीत पहिली कुऱ्हाड दुधावर पडते. ऑक्सफर्डचे सिडनी ट्रूलव्ह हे या बाबतीत मला फार महत्त्वाचे वाटतात. १९५५ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी विट्स यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसवर कॉर्टिसोनची नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. जीवघेण्या झटक्यांत स्टिरॉइड वापरण्याची पद्धत तिथून पक्की झाली. त्याच ट्रूलव्ह यांनी दहाच वर्षांत दुधालाही तोच न्याय लावला. काही रुग्णांना दूधविरहित आहार दिला आणि तुलनेसाठी दुसऱ्यांना एक खोटे पथ्य दिले, म्हणजे ज्याचा आजाराशी संबंध नाही असे काही पदार्थ बंद करायला सांगितले. हे खोटे पथ्यच त्या चाचणीचे मर्म आहे, कारण पथ्य करतोय या भावनेनेच बरे वाटू लागते आणि हा आजार तसाही अधूनमधून आपसूक शांत होतो. वर्षभर आजार न उसळलेले रुग्ण दूधविरहित गटात थोडे जास्त निघाले. तरी त्या गटातही निम्म्याहून अधिक जणांना तो उसळलाच. यावरून काय घ्यायचे? काहींना दूध बाधते, आणि आपल्याकडे अनेक प्रौढांना दुधातली साखर पचतच नाही, आजार असो वा नसो. तेव्हा एखाद्या रुग्णाने तीन-चार आठवडे दूध बंद करून पाहणे रास्त आहे. फरक नाही पडला तर ते परत सुरू करणेही तितकेच रास्त आहे, कारण स्टिरॉइडने पोखरलेल्या हाडांना कॅल्शियम हवे असते आणि शाकाहारी घरात दूध-दही काढले की प्रथिने कशातून भरायची हा प्रश्न उभा राहतो. दही-ताकात ती साखर कमी असते, म्हणून दूध न सोसणाऱ्या बऱ्याच जणांना ते चालते. दूध सुरू करायचा दिवस कुणी सांगतच नाही, इथे खरी चूक होते.

आपले पारंपरिक जेवणच औषध आहे, बाहेरचे खाणे सोडले की झाले, असाही एक आक्षेप असतो, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. २१ देशांतल्या एक लाख सोळा हजारांहून अधिक लोकांच्या, भारतीयही ज्यात होते अशा एका मोठ्या पाहणीत दिवसाला पाच किंवा जास्त वेळा अतिप्रक्रिया केलेले अन्न खाणाऱ्यांत आयबीडी होण्याचा धोका एकदाही न खाणाऱ्यांच्या किंवा क्वचित खाणाऱ्यांच्या १.८२ पट निघाला. मांस, दूध, धान्य, भाज्या यांचा वेगवेगळा संबंध मात्र दिसला नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज आणि पॉलिसॉर्बेट ८० या दोन पायसकारकांनी, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणाऱ्या द्रव्यांनी, आतड्यावरचा श्लेष्माचा थर पातळ केला आणि जिवाणू पेशींच्या जवळ सरकले. फ्रोजन डेझर्टचा डबा उलटा करून वाचला तर आयएनएस ४६६ असे लिहिलेले सापडते. ते हेच पहिले द्रव्य. हे वाचून डबा परत फडताळात ठेवणाऱ्याला मी अडवणार नाही. पण इथून 'घरचे तेवढे सुरक्षित' या निष्कर्षावर उडी मारता येत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधल्या पाहणीत लाखामागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. १९९० च्या सुमारास इंग्लंडमधील लेस्टर इथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांत हा आजार तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा अधिक होता, आणि त्यांच्या घरांतून पोळी-डाळ-भात हद्दपार झाला नव्हता. शिवाय आजार होण्याचे कारण एक असते आणि झाल्यावर तो आवरण्याचे साधन दुसरे असू शकते. हे दोन प्रश्न मिसळले की फसगत होते.

हळदीचा प्रश्न मात्रेचा आहे. जपानमध्ये ८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत औषधांच्या जोडीला हळदीतले कर्क्युमिन हे द्रव्य रोज २ ग्रॅम घेणाऱ्यांत सहा महिन्यांत अल्सरेटिव्ह कोलायटिस उलटण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, न घेणाऱ्यांत सुमारे २१ टक्के. ही बातमी आपल्याकडे 'हळदीच्या दुधाने कोलायटिस बरा' अशी पोचते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. म्हणजे २ ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद, रोज वीसेक चमचे. सांगलीच्या बाजारातली उत्तम हळद आणली तरी वरणातल्या चिमटीने हा हिशेब जुळत नाही. आणि कमी मात्रेचे काय, हेही दिल्लीच्या एम्सने पाहिले आहे. रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन आजार शांत होतो का, या चाचणीत नुसत्या औषधाच्या तुलनेत फायदा दिसला नाही. परंपरेतली दुसरी वस्तू मात्र या कसोटीत बऱ्यापैकी टिकली, आणि तिचा गवगवा कुणी करत नाही: इसबगोल. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून ते जगभर जाते. स्पेनमध्ये १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०५ रुग्णांच्या अभ्यासात आजार शांत असलेल्या कोलायटिसच्या रुग्णांना वर्षभर इसबगोलाचे बी किंवा मेसालामाइन हे नेहमीचे औषध दिले. आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४० आणि ३५ टक्के, म्हणजे जवळपास सारखे. अभ्यास छोटा होता, कोण काय घेतो ते सगळ्यांना ठाऊक होते, आणि ते बी होते, आपण घेतो ती भुसी नव्हे. म्हणून मेसालामाइन सोडा असा अर्थ त्यातून निघत नाही. डॉक्टरांना विचारून जोडीला घेण्यासारखी वस्तू आहे, एवढा निघतो.

चोथ्याबद्दल सांगायचे तर आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. निदान झाले की भाज्या, फळे, भाकरी, उसळी सगळे थांबते, आणि रुग्ण वर्षानुवर्षे मऊ भात, साय काढलेले दही आणि पावाच्या स्लाइसवर राहतो. आतड्याला जखम आहे म्हणजे खरखरीत काही नको, हा तर्क ऐकायला पटतो. इटलीतल्या डॉक्टरांनी १९८५ मध्येच तो तपासला. क्रोन्सच्या सुमारे ७० रुग्णांपैकी काहींना कमी चोथ्याचे पथ्य आणि काहींना नेहमीचे इटालियन जेवण दिले; ज्यांचे आतडे आवळलेले नव्हते अशा या रुग्णांत सरासरी २९ महिने बघूनही काही फरक दिसला नाही. पथ्याने फायदा शून्य, आणि पानातली चव तेवढी गेली. आवळलेल्या आतड्याची गोष्ट वेगळी, आणि तिथे मी अजिबात सूट देणार नाही. बोटाएवढ्या अरुंद वाटेत शेवग्याच्या शेंगेचा चघळून गिळलेला चोथा, गवारीचे दोर, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा, डाळिंबाचे दाणे, ओल्या खोबऱ्याचा चव, अख्खे शेंगदाणे यांतले काहीही अडकू शकते. अशा रुग्णाच्या उपासाच्या साबुदाणा खिचडीत शेंगदाण्याचे जाडसर कूट नको. जेवणानंतर तास-दोन तासांत कळा येऊन पोट फुगले, उलटी झाली, वारा सरेना, तर घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे. पण अशा आतड्यालाही भाजी वर्ज्य नाही. सोललेला लाल भोपळा, दुधी, गाजर, बटाटा मऊ शिजवून, पपई आणि पिकलेले केळे, मुगाच्या डाळीचे वरण हे सगळे चालते. आणि ज्याचे आतडे मोकळे आहे, आजार शांत आहे, त्याच्या पानात भाकरी, पालेभाजी आणि मोडाची उसळ परत आली पाहिजे. हळूहळू, थोडी-थोडी, पण आलीच पाहिजे.

पथ्य फुकट असते, त्याने अपाय काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी या रुग्णांची वजने बघावीत. दाह आधीच शरीर झिजवतो. रक्तस्रावाने लोह जाते, लहान आतड्याचे टोक खराब झाले किंवा कापले की बी १२ शोषले जात नाही, ड जीवनसत्त्व कमी पडते. त्यावर दहा पदार्थ बंद केले की कुपोषण हा दुसरा आजार सुरू होतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुपोषित शरीरावर टाके लवकर भरत नाहीत. अमेरिकेतली १९४ रुग्णांवरची एक चाचणी मला म्हणून दिलासा देणारी वाटते. धान्य आणि साखर पूर्ण बंद करणारे, पाळायला अतिशय कडक असे एक पथ्य, आणि भाज्या, फळे, मासे, ऑलिव्ह तेल, धान्ये असलेला मोकळाढाकळा भूमध्य प्रदेशाचा आहार, यांची तिने क्रोन्समध्ये तुलना केली. सहा आठवड्यांनी लक्षणे शांत झालेले अनुक्रमे ४६.५ आणि ४३.५ टक्के, फरक नाहीच. कडकपणाला वेगळे बक्षीस मिळाले नाही. आपल्या घरांत या कडकपणाची किंमत बहुतेकदा बाईच देते. रुग्ण नवरा किंवा मुलगा असेल तर त्याचे वेगळे शिजते. रुग्ण ती स्वतः असेल तर वेगळे शिजवायला वेळ नसतो, आणि सगळ्यांसाठी केलेल्यातले जे चालत नाही ते वगळून ती उरलेल्यावर भागवते. वजन घटलेले कुणाच्या लक्षात येत नाही. पंगतीत, सणावाराला, लग्नात पान नाकारत राहणारी माणसे हळूहळू जाणेच सोडतात. उपचाराच्या हिशेबात हेही धरले पाहिजे.

यावर डॉक्टरांचे म्हणणे असते, की आहारावरचे अभ्यास छोटे आहेत, पुरावा कच्चा आहे. बरेच अभ्यास छोटे आहेत हे वर दिलेल्या आकड्यांतूनच दिसते. पण त्याचा इलाज चांगले अभ्यास करणे हा आहे, आणि ते इथे होऊ शकतात हे एम्सनेच दाखवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ६६ रुग्णांपैकी एका गटाला ग्रामीण भागातल्या निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जिवाणू सात आठवडे दिले आणि सोबत दाहविरोधी आहार. दुसऱ्या गटाचे नेहमीचे औषधोपचार नीट बसवून दिले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातले ६० टक्के आणि दुसऱ्यातले ३२ टक्के रुग्ण शांत झाले. त्यानंतर गुण आलेल्यांना पुढे ४८ आठवड्यांपर्यंत त्याच आहारावर ठेवले, आणि शेवटी दुर्बिणीतूनही आतडे बरे दिसावे असा पूर्ण आराम त्यांच्यातल्या २५ टक्क्यांना होता, तर दुसऱ्या गटात कुणालाच नाही. जिवाणूंचा वाटा किती आणि जेवणाचा किती, हे ही रचना वेगळे करून सांगत नाही. आणि सौम्य ते मध्यम आजाराचे हे रुग्ण होते. दिवसाला दहा वेळा रक्त पडणाऱ्याने यावर विसंबून इन्फ्लिक्सिमॅबसारखे औषध नाकारू नये. तरी आठवडे ठरलेले, मोजण्याचे साधन ठरलेले, तुलनेला दुसरा गट, असे जेवणाला पूर्ण गांभीर्याने घेणारे काम आपल्या देशात झाले आहे.

तेव्हा ओपीडीच्या चिठ्ठीवर 'तिखट-तेलकट बंद' एवढ्यावर भागवू नये. आजार कोणता आणि सध्या उसळलेला की शांत, आतडे कुठे आवळले आहे का, हे आधी लिहावे. मग काय कमी करायचे, त्याऐवजी काय खायचे, किती आठवडे, आणि कॅलप्रोटेक्टिन पुन्हा कधी करायचे. हे सगळे समजावून सांगायला डॉक्टरांकडे दहा मिनिटे नसतात, म्हणून पोटविकाराच्या प्रत्येक विभागात आहारतज्ज्ञ नेमावा लागेल, सरकारी रुग्णालयांतही, आणि त्याला भाकरी-उसळीचे पान माहीत असावे लागेल. मुलांच्या द्रव अन्नाचा खर्च औषधाच्या खर्चात धरावा लागेल. तो आज घराच्या किराणा खर्चात धरला जातो आणि दोन आठवड्यांत डबा आणणे थांबते. आणि रुग्णाला वाटले की अमुक पदार्थ बाधतो, तर त्याला हसण्यावारी न नेता सांगावे: एका वेळी एकच पदार्थ बंद कर, तीन आठवडे नोंद ठेव, मग परत खाऊन पाहा, आणि पुढच्या खेपेला ती वही घेऊन ये.